'अंडर द पंप' : अर्थ, सूर आणि वापर

सोनकी (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी.
नाशिकहून मेलबर्नला येऊन अजून वर्ष झालेलं नाही. एका मालवाहतूक कंपनीत हिशेबाच्या विभागात काम करते. इंग्रजीची तशी अडचण नाही. अडतं ते इथल्या बोलीपाशी. काही शब्दप्रयोगांचा अर्थ कोशात मिळतो, पण बोलणाऱ्याचा सूर त्यात मिळत नाही. 'अंडर द पंप' त्यातलाच.

अर्थ सोपा आहे. दडपणाखाली असणं, कामाने घेरलेलं असणं. क्रिकेटच्या समालोचनात तर हा कायम कानावर पडतो. पण आमच्या ऑफिसात शेजारची बाई म्हणते, "सॉरी, आय अ‍ॅम अंडर द पंप टुडे." साहेब मीटिंगमध्ये म्हणतात, "द होल टीम इज अंडर द पंप." इथपर्यंत ठीक. गेल्या आठवड्यात ते माझ्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "यू लुक अंडर द पंप." मी हसून "ऑल गुड" म्हटलं आणि तेही पुढे गेले.

तेव्हापासून मनात घोळतंय. ही सहानुभूती होती? की 'तुला झेपत नाहीये' असं सुचवायचं होतं? आपल्याकडे साहेब थांबून असं काही बोलले की पुढे काहीतरी येणार हे ठरलेलं असतं.

तर प्रश्न असे: हा शब्दप्रयोग कोणी कोणासाठी वापरावा? मी माझ्या साहेबांबद्दल वापरला तर चालेल का? आणि मुळात हा पंप कुठला?

---

घाटवाट
सोनकीताई, ब्रिस्बेनमध्ये बरीच वर्षं काढलीत, म्हणून खात्रीने सांगतो. ती सहानुभूती होती. निखळ. इथे माणसाच्या कामात खोट काढायची असेल तर हा शब्द येत नाही. 'यू आर स्ट्रगलिंग' किंवा 'यू आर फॉलिंग बिहाइंड' आलं तर कान टवकारायचे. 'अंडर द पंप'मध्ये दोष माणसाचा नसतो, परिस्थितीचा असतो. काम जास्त आलंय, मुदत जवळ आलीय, माणसं कमी पडताहेत, असा त्याचा भाव.

वापराचे काही बारकावे:

'द' हवाच. नुसतं 'अंडर पंप' म्हणाल तर समोरचा गोंधळेल.

स्वतः असाल तर 'आय अ‍ॅम अंडर द पंप'. दुसऱ्याने दडपण आणलं असेल तर 'दे पुट अस अंडर द पंप'. गोलंदाजाने फलंदाजाला जखडून ठेवलं की समालोचक हेच म्हणतात.

सगळ्यात महत्त्वाचं, 'पम्प्ड' वेगळा. 'आय अ‍ॅम सो पम्प्ड' म्हणजे मी उत्साहाने फुरफुरतोय. आणि 'द प्लेस वॉज पम्पिंग' म्हणजे तिथे भरपूर गर्दी आणि जोश होता. शब्द एकाच घरातले, पण स्वभाव अगदी उलट.

साहेबांबद्दल वापरला तर अजिबात हरकत नाही. अनौपचारिक आहे, असभ्य नाही. फक्त अहवालात किंवा ग्राहकाला लिहिलेल्या पत्रात नको, तिथे सरळ 'अंडर सिग्निफिकंट प्रेशर' लिहा.

---

हापसा_जालना
पंप कुठला म्हणताय? आमचाच! लहानपणी उन्हाळ्यात शाळेतून येताना एकाने हापसा मारायचा आणि दुसऱ्याने खाली डोकं धरायचं. हापसणारा जोरात असला की खालच्याला श्वास घ्यायची उसंत मिळायची नाही. 'अंडर द पंप' म्हटलं की मला तेच आठवतं आणि अर्थही तंतोतंत जुळतो. :)

---

रानजाई
हापसादादा, हा हा! पण तुमच्या 'अंडर द पंप'मध्ये मजा होती, सोनकीच्या नाही.

बाकी मराठीत 'मला प्रेशर आलंय' असं चारचौघांत म्हणू नये, एवढं मात्र नव्या पिढीला कोणीतरी सांगा. आमच्याकडे मुलगा परीक्षेच्या आदल्या दिवशी असं म्हणाला आणि आजी लगबगीने बाथरूमचा दिवा लावायला गेली.

---

गिरगाव_चौपाटी
क्रिकेटवाल्यांना हा धागा दिसला नाही असं कसं होईल.

'अंडर द पंप' म्हणजे काय ते समजून घ्यायचं असेल तर ११ जानेवारी २०२१, सिडनी कसोटीचा पाचवा दिवस आठवा. त्याच दौऱ्यात अ‍ॅडलेडला ३६ धावांत गारद झालो होतो. विराट मायदेशी परतला होता आणि कर्णधार होता आपला डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य. मेलबर्नला त्याने ११२ धावांची खेळी करून मालिका बरोबरीत आणली. मग सिडनीला समोर ४०७ धावांचं लक्ष्य. पंतने ९७ आणि पुजाराने ७७ केल्या तोवर जिंकायची आशासुद्धा दिसत होती, पण दोघेही बाद झाले. विहारीच्या मांडीचा स्नायू दुखावलेला, अश्विनची पाठ धरलेली, जडेजाचा अंगठा मोडलेला. तो गरज पडली तर उतरायला पॅड बांधून बसलेला.

आणि मग विहारी १६१ चेंडूंत नाबाद २३, अश्विन १२८ चेंडूंत नाबाद ३९. चाळीसहून जास्त षटकं दोघं उभे राहिले. भारत ५ बाद ३३४, सामना अनिर्णित. त्या शेवटच्या सत्रात भारत अंडर द पंप होता, हे ऑस्ट्रेलियाचा कोणीही सांगेल.

आता मुद्दा ऐका. त्या सत्रात यष्टीमागून टिम पेन अश्विनला डिवचत होता, 'तुला गॅबावर (पुढची कसोटी ब्रिस्बेनच्या त्या मैदानावर होती) कधी एकदा बघतो असं झालंय' म्हणून. त्या दिवशी त्याने झेलही सोडले, विहारीचा तर शेवटी शेवटी. म्हणजे पंपाखाली नक्की कोण होतं? नंतर पत्रकारांसमोर येऊन त्याने स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागितली. गॅबावर काय झालं ते सांगायला नको. १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया तिथे कसोटी हरला नव्हता. १९ जानेवारीला आपण ३२८ चा पाठलाग केला, पंत नाबाद ८९.

माझं म्हणणं, या शब्दातली खरी गंमत हीच आहे की ही जागा बदलती असते. आता मी खाली, थोड्या वेळाने तू.

---

घाटवाट
+१ गिरगाव. हे मी लिहायला हवं होतं. अगदी बरोबर, तात्पुरती अवस्था. 'आय अ‍ॅम अंडर द पंप धिस वीक' असंच म्हणतात. 'माझं आयुष्यच अंडर द पंप आहे' असं कोणी म्हणत नाही.

---

ओव्याची_पानं
मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, उत्तरेकडच्या एका शहरात. आमच्याकडे यासाठी 'अंडर द कॉश'. कॉश म्हणजे आखूड, जड दांडका. हिवाळ्यात वॉर्ड भरून वाहतात तेव्हा ड्यूटी बदलताना पहिलं वाक्य हेच, "वी हॅव बीन अंडर द कॉश ऑल नाइट."

इथे फुटबॉलमुळे हा शब्द घराघरांत आहे. एक संघ सतत हल्ला करतोय आणि दुसरा आपल्या गोलपाशी अडकून पडलाय, बाहेर पडायला वाट नाही, ती अवस्था. २०१२ ची चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत आठवा. म्युनिकमध्ये, बायर्नच्या घरच्या मैदानावर चेल्सी. बायर्नला २० कॉर्नर मिळाले, चेल्सीला १. चेल्सी अख्खा सामना अंडर द कॉश. आणि त्या एकुलत्या कॉर्नरवर ८८ व्या मिनिटाला ड्रॉग्बाने डोक्याने गोल केला, मग पेनल्टीवर जिंकले.

एक फरक मला जाणवतो. 'कॉश'मध्ये मार खाणं आहे. कोणीतरी वरून हाणतंय आणि आपण सोसतोय. आमच्या कामाला तो शब्द शोभतो, कारण आम्ही काही केलं म्हणून रुग्ण कमी होत नाहीत.

---

कोशवेडा
ओव्याची_पानं, कॉशचं नाव काढलंत म्हणून लिहितो. इंग्रजी कॉशची व्युत्पत्ती पक्की नाही, पण कोशकार रोमनी भाषेतल्या 'कोश', 'कोश्टर' या काठी-वाचक शब्दांकडे बोट दाखवतात. रोमनी म्हणजे युरोपातल्या रोमा लोकांची भाषा, जिचं मूळ भारतात आहे. रोमनीत लाकडाला 'कश्ट', आणि तो सरळ सरळ संस्कृत 'काष्ठ'. आपली 'काठी' त्याच झाडाची. म्हणजे कोशकारांचा अंदाज खरा असेल, तर मँचेस्टरच्या मैदानावर कोणी 'अंडर द कॉश' ओरडतो तेव्हा तो आपल्या काठीच्या चुलतभावाचं नाव घेत असतो.

मला या गोष्टीचा फार आनंद होतो. हजार वर्षांपूर्वी इथून निघालेल्या माणसांनी सोबत नेलेला शब्द, वाटेत कुठे कुठे राहून आला असेल.

आता सोनकी यांचा पंप. त्याचं मूळ मात्र कोणालाच ठामपणे सांगता आलेलं नाही. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये पाकीटमार किंवा वसुलीवाले बेलिफ सापडले की लोक त्यांना रस्त्यातल्या पंपाखाली धरून गार पाण्याने भिजवून काढत, ही गोष्ट खरी आहे. 'पंप करणे' हे क्रियापद त्या शिक्षेसाठी वापरलं जाई. पण तिथून आजच्या ऑस्ट्रेलियन बोलीपर्यंत सलग धागा सापडत नाही. त्यामुळे 'हेच मूळ' असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

---

हापसा_जालना
बघा! लंडनचे पाकीटमार आणि जालन्याची पोरं, शिक्षा एकच. :)

पण आता गंमत बाजूला ठेवून एक सांगतो, कारण आमच्या गावाचा विषय आहे. देशभर गावोगावी जो हापसा दिसतो, तो इंडिया मार्क टू. त्याचं मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे. साठच्या दशकात दुष्काळी भागात खडक फोडून बोअर घ्यायला सुरुवात झाली. पण वर बसवलेले पंप ओतीव लोखंडाचे, एका कुटुंबापुरते बनवलेले. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागल्यावर ते टिकेनात. तेव्हा जालन्यात मिशनच्या पाणी प्रकल्पातल्या लोकांनी खटपट करून एक मजबूत पंप बनवला, तो 'जालना पंप'. त्यात सुधारणा होत होत सोलापुरात 'सोलापूर पंप' तयार झाला. सत्तरच्या दशकात युनिसेफच्या पुढाकाराने त्यावरूनच इंडिया मार्क टू घडला. पुढे तो आफ्रिकेतल्या देशांतही गेला.

म्हणजे दडपणाखाली मोडलेला पंप आणि दडपण सोसणारा पंप, दोन्ही आमच्याकडे होऊन गेलेत. विषयांतराबद्दल राग नसावा.

---

सोनकी
राग कसला, हापसादादा! माझं माहेर नाशिकचं, तरी हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. 'जालना पंप' आता डोक्यात पक्का बसला.

सगळे सांगताय ते वाचून बरं वाटतंय. घाटवाटदादा, 'दोष परिस्थितीचा, माणसाचा नाही' हे वाक्य मी लिहून ठेवलंय.

---

मधुमालती_ठाणे
मला एक कळत नाही. आपण यासाठी इंग्रजी शब्द शिकतोय ते कामाची गरज म्हणून, ठीक. पण मराठीत 'टेन्शन' आणि 'प्रेशर' सोडून दुसरं काही ऐकूच येत नाही आता. 'ताण' आणि 'दडपण' फक्त वर्तमानपत्रात उरलेत. आपल्या भाषेत असा जिवंत शब्दप्रयोग नाहीच का?

---

बँकेतली_कुमुद
मालतीताई, नाही कसा? खच्चून भरलेत. नोकरी अख्खी बँकेत झाली, त्यामुळे दडपणाचं शब्दभांडार माझ्याइतकं कोणाकडे नसेल.

दोन्हीकडून दाबलं जाणं म्हणजे कात्रीत सापडणं. वर विभागीय कार्यालय वसुलीसाठी फोनवर फोन करतंय आणि समोर पीक गेलेला शेतकरी बसलाय, ही कात्री. त्याहून वाईट अडकित्ता. अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीला कात्रीतल्या कापडाइतकीही हालचाल करता येत नाही.

वरिष्ठ सगळ्यांसमोर जाब विचारतात ते धारेवर धरणं. काम करवून घेऊन रस काढणं म्हणजे चरकात घालून पिळणं. स्वतःच्या कामासाठी दुसऱ्याला अडवून ठेवणं म्हणजे वेठीस धरणं, आणि तो शब्द वेठबिगारीच्या दिवसांतून आलाय हे विसरू नये.

आणि धांदलीला 'तारांबळ'. मंगलाष्टकांच्या शेवटी भटजी 'ताराबलं चंद्रबलं तदेव' म्हणायला लागतात, मुहूर्त येऊन ठेपलेला असतो, आणि अक्षता कुठे, हार कुठे, मुलीचा मामा कुठे म्हणून मांडवात जी पळापळ होते, ती तारांबळ. एकतीस मार्चच्या संध्याकाळी आमच्या शाखेत नेमकी तीच असायची. 'मार्च एंड' हा मराठी शब्दच झालाय म्हणा ना. 'मार्च एंड आहे, नंतर या' म्हटलं की कोणीही समजून घेतं.

---

मधुमालती_ठाणे
वा कुमुदताई! पोटभर उत्तर. तरीही एक खुसपट काढते. तुम्ही सांगितलेल्या प्रत्येकात कोणीतरी दाबणारा आहे किंवा कसलीतरी फजिती आहे. 'मी सध्या कात्रीत आहे' म्हटलं तर ऐकणारा विचारणार, 'का, काय झालं?' शेजारच्या टेबलावर सहज सांगून टाकावं आणि समोरच्याने 'बरं, नंतर येतो' म्हणून निघून जावं, असं यात कोणतं?

---

बँकेतली_कुमुद
'गडबडीत आहे गं.'

---

मधुमालती_ठाणे
:) हरले. पण गडबड म्हणजे घाई, त्यात ओझं येत नाही.

---

रानजाई
'कामाच्या रगाड्यात आहे' घ्या. ओझंही आलं, दोष कोणाचा नाही, आणि फजितीही नाही. आमच्या आईचं पेटंट वाक्य. अंडर द पंपला मराठीत याच्या जवळ जाणारं दुसरं मला तरी सुचत नाही.

---

बँकेतली_कुमुद
रगाडा! एकदम बरोबर. मान गये.

---

सरळरेषा
सगळं गोड गोड चाललंय, म्हणून थोडं वेगळं लिहितो. रागावू नका.

मी सिडनीत आयटीत आहे. 'अंडर द पंप' ही सहानुभूती असते हे पहिल्यांदा ऐकाल तेव्हा खरं. पण एखाद्या टीमचा मॅनेजर दर आठवड्याला, वर्षभर 'वी आर अंडर द पंप' म्हणत असेल तर त्याचा अर्थ बदलतो. मग तो सांगत असतो की माणसं वाढणार नाहीत, मुदत हलणार नाही, आणि याबद्दल कोणी काही बोलायचंही नाही, कारण आपण सगळे एकाच नावेत आहोत. शब्द इतका मोकळा आणि मैत्रीचा आहे की तक्रार करणाराच वाईट दिसतो. गिरगाव म्हणतात ती जागा बदलते, हे मैदानावर. ऑफिसात तीच माणसं खाली असतात आणि हापसणारेही तेच.

मी एका जागी हे अनुभवलंय. कंपनीचं नाव घेत नाही. तिथे संध्याकाळी उशिरा येणाऱ्या प्रत्येक मेलची सुरुवात याच शब्दांनी व्हायची. वाचलं की सगळे निमूट लॅपटॉप उघडायचे. शेवटी दोन चांगली माणसं आजारी पडली आणि सोडून गेली.

इथे २६ ऑगस्ट २०२४ पासून 'राइट टू डिस्कनेक्ट' लागू झाला. कामाच्या वेळेनंतर आलेला फोन किंवा मेल न बघण्याचा हक्क, तो नकार अवाजवी नसेल तर. १५ पेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या आस्थापनांना तो वर्षभराने, २६ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. सोनकी, तुम्हाला हे माहीत असायला हवं. शब्दाचा सूर समजून घ्या, पण तो कितीदा येतो हेही बघा.

---

घाटवाट
सरळरेषा, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण शब्दावर राग काढू नका. तो मॅनेजर 'वी आर व्हेरी बिझी' म्हणत राहिला असता तरी तेच झालं असतं.

---

सरळरेषा
नाही पटत. 'बिझी' म्हटलं की कोणीतरी विचारतं, किती दिवस? 'अंडर द पंप' ऐकल्यावर कोणी विचारत नाही. तुम्हीच वर लिहिलंत ना, दोष कोणाचाच नसतो म्हणून. तोच तर माझा मुद्दा आहे. जिथे दोष खरोखर कोणाचा तरी आहे, तिथेही हा शब्द तो पुसून टाकतो.

---

ओव्याची_पानं
सरळरेषांशी मी सहमत आहे, आणि मी वर लिहिलं ते थोडं पुढे नेते. 'आम्ही काही केलं म्हणून रुग्ण कमी होत नाहीत' हे खरं, पण वॉर्डवर नर्स किती असाव्यात हे कोणीतरी ठरवतंच ना. इथे नर्सेसनी डिसेंबर २०२२ मध्ये संप केला तेव्हा मागणी पगाराची होती, पण आमच्यातल्या बहुतेकींच्या तोंडी अपुऱ्या मनुष्यबळाचाच विषय होता. 'अंडर द कॉश' म्हणत सोसायला सगळ्याच शिकतात. कधीतरी दांडका कोणाच्या हातात आहे हेही बघावं लागतं.

---

गिरगाव_चौपाटी
वातावरण जड झालं, पण चर्चा उत्तम. सरळरेषांचा मुद्दा मान्य. मैदानावर सामना संपतो, ऑफिसात संपत नाही.

दडपणाबद्दल कीथ मिलर काय म्हणाला होता ते मला कायम आठवतं. ऑस्ट्रेलियाचा अष्टपैलू, दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानं चालवलेला. क्रिकेटमधल्या दडपणाबद्दल त्याला विचारलं तेव्हा त्याचं उत्तर होतं की दडपण म्हणजे ढुंगणाला लागलेलं जर्मन मेसरश्मिट लढाऊ विमान, क्रिकेट नव्हे. मूळ शब्द याहून रांगडा आहे, इथे एवढंच.

---

पॅव्हेलियन_एंड
गिरगावकर, मग २९ जून २०२४, बार्बाडोस, टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत? दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० हव्या होत्या. अक्षरच्या एका षटकात २४ गेल्या होत्या, क्लासेन सुटला होता. सांगा, तेव्हा अंडर द पंप कोण?

---

गिरगाव_चौपाटी
भारत! यात शंकाच नको. हातात विकेटी असताना चेंडूमागे एक धाव हवी असलेला संघ पंपाखाली नसतो.

---

पॅव्हेलियन_एंड
पण हरले तेच, ७ धावांनी.

---

गिरगाव_चौपाटी
म्हणून तर 'अंडर द पंप' आणि 'चोक' हे वेगळे शब्द आहेत. पंप म्हणजे समोरच्याने आणलेलं दडपण. चोक म्हणजे ते आल्यावर हातपाय गळणं. आणि मी तर म्हणेन ते चोकही झाले नाहीत. हार्दिकने सतराव्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर क्लासेनला काढलं, बुमराहच्या ४ षटकांत फक्त १८ गेल्या आणि २ विकेटी, शेवटी सूर्याचा सीमारेषेवरचा तो झेल. पंपाचा दांडा अक्षरशः हातातून हिसकावून घेतला. दक्षिण आफ्रिकेला चोकर म्हणून हिणवणं मला त्या दिवशीही पटलं नव्हतं.

---

पॅव्हेलियन_एंड
हे मान्य. समोर बुमराह असताना चोक कोणीही होईल.

---

कोशवेडा
अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: तिथे 'अंडर द पंप' म्हणालात तर लोक विचारतील, कुठला पंप? तिथे 'अंडर द गन' चालतं, विशेषतः मुदत अंगावर आली असेल तर. पोकरमध्ये पत्ते वाटून झाल्यावर ज्याला सर्वांत आधी डाव बोलावा लागतो, त्याच्या जागेचं नावही तेच. बाकीच्यांचा अंदाज घ्यायची संधी न मिळता निर्णय घ्यावा लागतो, म्हणून.

आणि सोनकी, ऑस्ट्रेलियात आहात तर 'हार्ड यॅका' पण ऐकाल. अंगमेहनतीचं, कष्टाचं काम. तो यॅका ब्रिस्बेन परिसरातल्या आदिवासींच्या यागारा भाषेतून इंग्रजीत आलाय. दडपण वेगळं, कष्ट वेगळे. 'हार्ड यॅका' म्हणताना आवाजात कौतुक असतं.

---

घाटवाट
'फ्लॅट आउट' पण सांगा त्यांना. 'आय अ‍ॅम फ्लॅट आउट' म्हणजे हातात खूप काम आहे आणि मी जोरात करतोय. यात दडपण नाही, उलट थोडा अभिमान. इंग्रजी कळतं पण हे नाही म्हणून नव्याने आलेले लोक 'फ्लॅट' ऐकून 'दमून आडवा पडलाय' असं समजतात.

---

सोनकी
बापरे, केवढं काय काय मिळालं. सगळ्यांचे मनापासून आभार.

सरळरेषा, तुमचा प्रतिसाद वाचून मी थोडी थबकले. आमच्याकडे अजून तरी तसं नाही. साडेपाचला दिवे बंद होतात आणि साहेब स्वतःच 'घरी जा' म्हणतात. आमची गडबड जूनअखेरची आहे. इथलं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. कुमुदताई, म्हणजे तुमचा मार्च एंड इथे जूनमध्ये येतो! पण तुम्ही म्हणता तसं जुलैनंतरही हाच शब्द ऐकू येतो का, ते मी बघणार आहे.

आता शेवटचा, अगदी व्यवहारातला प्रश्न. पुन्हा कोणी 'यू लुक अंडर द पंप' म्हणालं तर उत्तर काय द्यायचं? मी 'ऑल गुड' म्हटलं होतं.

---

घाटवाट
ताई, 'ऑल गुड' म्हटलंत की विषय संपला. तुम्हीच दार लावून घेतलंत. साहेबांनी ते वाक्य म्हणजे तुम्हाला मदत मागायची संधी दिली होती. इथे मदत सरळ 'काय हवंय?' असं विचारून देत नाहीत, असं आडून देतात. पुढच्या वेळी म्हणा, "येस, अ बिट. द बँक रिकन्सिलिएशन्स आर टेकिंग लाँगर दॅन आय एक्स्पेक्टेड." कारण एका वाक्यात सांगा, रडगाणं नको. बहुतेक वेळा पुढचा प्रश्न 'व्हॉट कॅन वी मूव्ह?' असाच येतो.

---

सरळरेषा
घाटवाटांशी यावेळी शंभर टक्के सहमत. आणि 'व्हॉट कॅन वी मूव्ह' आलं नाही, तर तुम्ही विचारा, "विच वन डू यू वॉन्ट फर्स्ट?" दोन कामांपैकी आधी कुठलं, हे त्यांना ठरवू द्या. आपल्याकडून आलेले बहुतेकजण दोन्ही कामं रात्री बसून संपवतात आणि कोणाला पत्ताही लागू देत नाहीत. ते कौतुकाचं वाटतं, पण मग साहेबांना कळणार कसं की काम दोन माणसांचं आहे?

---

बँकेतली_कुमुद
हे वाक्य मला तीस वर्षांपूर्वी कोणी शिकवलं असतं तर फार बरं झालं असतं. सोनकी बाळ, नक्की विचार.

---

कांगारू_नव्हे_किवी
उशिरा आलो. ऑकलंडमध्येही 'अंडर द पंप' सर्रास चालतं, हो. ऑस्ट्रेलियावाल्यांनी सगळं श्रेय घेऊ नये. आमच्याकडे रग्बीत तर जास्तच. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ खांद्याला खांदा भिडवून एकमेकांना रेटतात तेव्हा, मागे ढकलला जाणारा संघ म्हणजे अंडर द पंप, आणि तिथे दडपण खरोखर किलोत मोजता येतं. आठ धिप्पाड गडी एका बाजूला आणि आठ दुसऱ्या. सोनकीताई, मेलबर्नला रग्बीचा सामना असेल तर एकदा बघाच.

---

गिरगाव_चौपाटी
किवीदादा, रग्बीचा वेगळा धागा काढा. नियम पहिल्यापासून समजावून सांगणार असाल तर मी पहिला प्रतिसाद देतो.